भिमाजीभाऊंच्या गाडीची जाळी

जामखेडला खर्डा रोडवर माझं कुशनचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा, रिक्षांची हुडं, टेम्पोच्या ताडपत्र्या, असलं सगळं काम. भिमाजीभाऊंची आणि माझी ओळख झाली ती अजिनाथशेठच्या उघड्या गाडीमुळं.

ही गाडी आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. पांढरी, परदेशी बनावटीची, दोन दारांची, वरचा टप उघडणारी. अजिनाथशेठचा लग्नाचा धंदा आहे. मंडप, खुर्च्या, डीजे, सगळं त्यांच्याकडे मिळतं. वरातीसाठी म्हणून त्यांनी ती गाडी पुण्याच्या एका माणसाकडून जुनी घेतली. सुरुवातीला टप बटणावर उघडायचा आणि मिटायचा, आणि तेवढंच बघायला गर्दी व्हायची. मग मोटर गेली. टपाचं कापड कुजलं. मी म्हणालो होतो, कापड बदलून देतो, पण शेठनी सांगाडाच काढून टाकला. "नवरदेव दिसायला पायजे का टप?" म्हणाले. तेव्हापासून गाडी बाराही महिने उघडी.

ती पहिल्यापासून भिमाजीभाऊंच्या हातात होती. भाऊ खर्ड्याचे, बौद्धवस्तीतले. वडील गेले तेव्हा शाळा सुटली आणि ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागले. पुढं उसाचा ट्रक चालवला, मग काष्टीच्या बाजाराला जनावरं नेणारा टेम्पो चालवला. जनावरांचा टेम्पो चालवणारा माणूस ब्रेक कसा मारतो ते बघावं, असं ते म्हणायचे. मागं उभ्या गाईचा पाय सुद्धा हलता कामा नये. त्याच हातानं ते वरातीची गाडी चालवायचे. नवरी मागं सीटच्या पाठीवर बसलेली असायची, कपाळावर मुंडावळ्या, हातात पदर, आणि खड्डा आला तरी तिला टेकू शोधावा लागायचा नाही. सीटवर बूट घालून कुणी चढलं की भाऊ गाडी जागीच थांबवायचे. "उतर आधी!" डीजेच्या आवाजात सुद्धा ती हाळी ऐकू जायची. नाचणारी पोरं बाजूला करायला शेठ दुसरा माणूस ठेवत नसत.

मग तो आवाज बसला. आधी घसा धरल्यासारखा झाला, नंतर नुसताच खरखर. धुळीनं झालं असेल म्हणून त्यांनी बरेच दिवस काढे घेतले, वाफ घेतली, तंबाखू सोडली आणि पुन्हा धरली. त्यांची मुलगी प्रज्ञा नगरला शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, बापाचा आवाज ऐकला आणि काही ऐकून न घेता बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात घेऊन गेली. गाठ होती. आवाजाची पेटी काढावी लागली.

ऑपरेशननंतर माणसाचा श्वास नाकातोंडातून चालत नाही. मानेच्या खाली, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात भोक करतात. तिथूनच श्वास आत जातो, तिथूनच बाहेर येतो. भाऊंच्या आत एक छोटा व्हॉल्व्ह बसवला होता. भोकावर अंगठा दाबून धरला की तोंडातून आवाज फुटायचा. जाड, ओला, एखाद्या पाइपातून आल्यासारखा. चार शब्द झाले की अंगठा काढून श्वास घ्यायचा, पुन्हा दाबायचा. पण बोलणं होतं. विमलबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "जिवावरचं आवाजावर गेलं आन् आवाजबी थोडा राह्यला. अजून काय पायजे?"

शेठनी त्यांना कामावर परत घेतलं, हे खरं. पण आधी बंद जीप दिली, लग्नाचे पाहुणे आणायला. जीपमध्ये काचा बंद असल्या की भाऊंचा श्वास सगळ्यांना ऐकू यायचा. खोकला आला की भोकातून यायचा, आणि मग ते गाडी कडेला घेऊन, तोंड फिरवून, फडक्यानं मान पुसायचे. एकदा पाटोद्याकडची एक बाई मांडीवर लेकरू घेऊन मागं बसली होती. लेकरू घाबरून रडायला लागलं. बाई म्हणाली, मला इथंच उतरवा, मागून दुसरी गाडी येतीय तिच्यात बसते. भाऊंनी उतरवलं. माझ्या दुकानात येऊन हे सांगितलं आणि म्हणाले, "तिचं काय चुकलं? माझीच विमल... पयले पंधरा दिवस... बघत नव्हती माझ्याकडं."

त्यांनी स्वतःच शेठकडे उघडी गाडी परत मागितली. उघड्या गाडीत जाता-येता ते एकटेच असायचे. वरातीत तर डीजेपुढं कुणाचा श्वास कुणाला ऐकू येत नाही. गळ्याला पांढरा रुमाल बांधला की लोकांना वाटायचं, ड्रायव्हरचा पोशाखच तसा आहे. एकदोन घरांनी कुरकुर केली, नवरानवरीपुढं असला माणूस नको म्हणून. पण वरातीच्या घाईत ते मागं पडायचं.

अडचण वेगळीच निघाली. वरातीत गाडी माणसाच्या चालीनं चालते, तिथं काही नाही. पण जामखेडहून कर्जत, काष्टी, श्रीगोंदा असं लग्नाच्या गावाला जायचं म्हणजे लांबचा रस्ता, आणि रस्त्यांची कामं निघालेली. मुरूम, खडी, धूळ. समोरची काच वारा डोक्यावरून मागं टाकते, पण तो वारा तसाच निघून जात नाही. मागच्या सीटवर आपटून उलटा फिरतो आणि ड्रायव्हरच्या मानेवर, छातीवर येतो. मला हे आधी माहीत नव्हतं, भाऊंनाही नव्हतं. तुमच्या-माझ्या मानेला तो वारा गार लागेल. भाऊंच्या तो थेट फुप्फुसात जायचा, धुळीसकट. घरी आले की भोकाच्या आत खपल्या धरलेल्या असायच्या आणि विमलबाई चिमटा घेऊन बसायच्या. कधी रक्तही यायचं.

त्यांना उपाय सापडला तो डिकीत. गाडी घेतली तेव्हापासून तिथं एक चौकट पडून होती, मधे घडी होणारी, काळी बारीक जाळी ताणून बसवलेली. शेठना वाटायचं, हे फुलं लावायचं काहीतरी असावं. पुढच्या सीटांच्या पाठीमागं, मागच्या बाजूला चार भोकं होती, त्यांत चौकटीच्या खुंट्या बरोबर बसल्या. अर्धी जाळी मागच्या सीटवर आडवी झोपायची आणि अर्धी पुढच्या सीटांमागं उभी राहायची. भाऊंनी ती लावून चक्कर मारली आणि वारा नाहीच. केस हलेनात. ते सरळ माझ्या दुकानासमोर येऊन थांबले, गाडीतूनच मला हात केला, अंगठा दाबला आणि म्हणाले, "गोरक्ष, वाऱ्याला कुलूप लागलं."

मग त्यांची रीत ठरली. जाताना जाळी लावायची, गावात पोचल्यावर काढून घडी करून ठेवायची, कारण मागं नवरानवरी बसणार. वरात झाली की पुन्हा लावायची. तो सगळा हंगाम त्यांनी तसाच काढला. खपल्या कमी झाल्या. विमलबाई सांगायच्या, "रातच्याला झोपत्यात आता."

पुढच्या हंगामात ती जाळी काष्टीला मोडली. वरात सुरू होणार होती. भाऊंनी जाळी काढून मंडपाच्या खांबाला टेकवून ठेवली होती. डीजेचा टेम्पो मागं घेताना चाक तिच्यावरून गेलं. मुद्दाम कुणी केलं नाही, अंधारून आलं होतं आणि पुढं सगळी नाचत होती. भाऊंना ते दिसलं होतं. ओरडायला अंगठा वर नेईपर्यंत चाक गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले तेव्हा जाळी जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. चादर त्यांनी माझ्या टेबलावर सोडली. मधली बिजागरी तुटलेली, चौकटीची नळी दोन जागी चपटी, खुंट्यांपैकी एकच शाबूत आणि जाळी फाटून लोंबत होती.

"व्हईल?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो. मला वाटलं होतं, दुपारच्या आत होईल.

आधी नवी मिळते का ते पाहिलं. पुण्याला ओळखीच्या माणसाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, बाहेरून मागवावी लागेल, तीही मिळेलच असं नाही. नगरच्या भंगारवाल्यांकडे असली गाडीच कधी आलेली नव्हती. म्हणजे आपणच करायची.

चपटी नळी मी गरम करून सरळ करायला गेलो तर ती तडकली. आत लोखंड नव्हतं, कसलातरी हलका धातू होता. मग शेजारच्या वेल्डरकडून बारीक पाइपाची नवी चौकट करून घेतली. जाळी म्हणून शेतातली शेडनेट ताणली, हिरवी. दिसायला वाईट, पण मजबूत. भाऊंनी लावून बघितली. गाडीनं वेग घेतला आणि शेडनेट शिडासारखी फुगली, पुढं आली, भाऊंच्या डोक्यावर आपटायला लागली. परत येईपर्यंत खुंट्या निखळल्या होत्या.

दुसऱ्यांदा मच्छरदाणीचं कापड घेतलं. ते नुसतंच हललं. वारा त्यातून पाणी गाळल्यासारखा येत होता. त्या चकरेला मी शेजारी बसलो होतो. खर्ड्याच्या रस्त्याला खडी टाकलेल्या भागात समोरून डंपर गेला आणि धुळीचा लोट मागून आमच्यावर आला. भाऊंनी रुमाल दाबला. एक हात स्टेअरिंगवर, एक गळ्यावर. खोकल्याची उबळ आली तशी त्यांनी गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि दार उघडून वाकून बसले. पाठ थरथरत होती. मी पाण्याची बाटली पुढं केली, मग लक्षात आलं की पाण्यानं काय होणार, उबळ तर दुसऱ्याच वाटेला आहे.

बऱ्याच वेळानं ते सरळ झाले. मी म्हणालो, "भाऊ, सोडा की हे. शेठ गोडाऊनला बसवतील तुमाला. खुर्च्या मोजायच्या, चावी सांभाळायची. सावलीतलं काम."

त्यांनी अंगठा दाबला. "गोडाऊनला... चार मानसं असत्यात. बोलत्यात. मी बोलाय लागलो का... गप हुत्यात. माझं संपायची वाट बघत्यात." श्वास घेतला. "गाडीत मला कुनी... बोल म्हनत न्हाई. आन् न्हाई बोललो... तरी इचारत न्हाई."

मी जाळीची एक खुंटी हातानं हलवत बसलो.

तिसऱ्यांदा मी घाई केली नाही. खिडक्यांना डासांसाठी बसवतात ती काचेच्या धाग्याची ताठ जाळी आणली, करड्या रंगाची, आणि तिचे दोन पदर एकमेकांवर थोडे तिरके ठेवून शिवले. कड रेक्झिनची, आत दोरी घालून. चौकट पुन्हा करून घेतली, यावेळी मधे एक आडवी सळई दिली, म्हणजे जाळी फुगायला जागा नको. खुंट्या बोल्टाच्या केल्या आणि त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, भोकात घट्ट बसाव्यात म्हणून. भाऊ रोज यायचे आणि समोरच्या स्टुलावर बसून बघायचे. घडी करता येईल अशी बिजागरी मात्र जमली नाही. ती जाळी अखंड राहिली, डिकीत मावेना. "मागच्या शिटीवर आडवी टाकू," भाऊ म्हणाले. "वरातीला मंडपवाल्याकडं देऊ. खांबाला न्हाई टेकवायची आता."

चक्कर मारायला आम्ही दोघं निघालो. गाव सुटलं, वेग वाढला आणि मी कान देऊन बसलो होतो, आता फडफडेल, आता निखळेल. काही नाही. बारीक शीळ येत होती, एवढंच. भाऊंच्या रुमालाचं टोक छातीवर पडून होतं, हलत नव्हतं. त्यांनी ते बोटानं उचलून मला दाखवलं.

आणि मग ते बोलायला लागले. गाडी चालवताना, एक हात गळ्याशी ठेवून, खर्डा येईपर्यंत. काष्टीच्या बाजाराला नेलेल्या एका खिलार बैलाचं सांगत होते. त्याला विकायला नेलं, गिऱ्हाईक आलं, पैसे झाले, आणि बैल टेम्पोतून उतरेचना. मालक ओढतोय, गिऱ्हाईक ढकलतंय. शेवटी मालकानं पैसे परत केले आणि बैलाला तसाच घरी आणला. "भाडं दोन्ही बाजूचं... मलाच मिळालं," म्हणून भाऊ हसले. हसताना भोकातून हवा सुटली, शिट्टीसारखी, आणि त्याचंही त्यांना हसू आलं. किल्ल्याच्या वळणावर गाडी फिरवून आम्ही त्यांच्या घरी गेलो. विमलबाईंनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. त्यांनी गाडीपाशी येऊन जाळी हातानं दाबून बघितली, एखाद्या कापडाचा पोत बघावा तशी.

त्यानंतर जयंती आली. खर्ड्याच्या मिरवणुकीला बाबासाहेबांची प्रतिमा दर वर्षी ट्रॅक्टरवर असायची. त्या वर्षी भाऊंनी शेठकडे उघडी गाडी मागितली आणि शेठनी दिली. प्रतिमा मागच्या सीटवर, भोवती निळे झेंडे, पांढरी फुलं. भाऊंनी पांढरा शर्ट आणि निळा रुमाल घातला होता. प्रज्ञा नगरहून आली होती. मिरवणुकीत त्यांच्या वस्तीतल्या बायका गाडीच्या बाजूनं चालत होत्या आणि भाऊ मधूनच अंगठा दाबून "जय भीम" म्हणायचे. तो जाड, ओला आवाज ऐकून कुणी दचकत नव्हतं, उलट सगळ्या बायका मोठ्यानं जबाब द्यायच्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. इतक्या हळू गाडी चालवणं सोपं नसतं. प्रतिमेच्या गळ्यातला हार सुद्धा झुलत नव्हता.

तो हंगाम तसा बरा गेला. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत शेठनी गाडी गॅरेजला लावली. मला वाटलं, रंग देताहेत. भाऊ सकाळी दुकानात आले आणि स्टुलावर बसले. हातानं खूण केली, चल.

गॅरेजमध्ये गाडीची मागची सीट काढलेली होती. तिच्या जागी लोखंडी पाइपांचं सिंहासन उभं राहत होतं. उंच पाठ, दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं, लाल मखमल, आणि पाठीभोवती लायटिंगसाठी पत्र्याची कमान. पुढच्या सीटांना लागून पायथा आला होता. जाळीच्या खुंट्यांची भोकं वेल्डिंगखाली गेली होती.

मी शेठना गाठलं. त्यांनी मला चहा सांगितला. "गोरक्ष, तुला सांगतो, मला काय हौस न्हाई," ते म्हणाले. "बीडच्या एकानं रथ आनलाय, लाइटाचा. लोकं तेच मागत्यात. नुसत्या गाडीला कुनी इचारत न्हाई आता. पोरीचं लग्न म्हनलं का सिंव्हासन पायजे."

"भाऊंची जाळी बसत न्हाई मग."

"मला ठाव हाय. मी भिमाजीला म्हनलो, तू गोडाऊन बघ. पगार तोच देतो. तोच ऐकत न्हाई." शेठनी कप खाली ठेवला. "माझं काय चुकतंय सांग."

मी चहा संपवून उठलो. ते वाईट माणूस नव्हते.

मी प्रयत्न सोडला नाही. जाळी पायथ्यावर बसत नव्हती, म्हणून फक्त ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला पट्ट्यांनी बांधायचा एक पडदा केला, जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा, रिक्षाला पावसाळ्यात लावतात तसला. भाऊ चक्कर मारून आले तेव्हा पडदा नव्हता. तो कुठं उडून गेला त्यांना कळलंही नव्हतं. मग मानेभोवती उभी राहील अशी फोमची पट्टी केली. तिच्यानं मान वळेना आणि उकाड्यात श्वास कोंडायला लागला. आणि आता वारा पूर्वीपेक्षा वाईट येत होता. ती पत्र्याची कमान काचेवरून आलेला सगळा वारा अडवायची आणि खाली ड्रायव्हरवर टाकायची. मी शेजारी बसून बघितलं. माझ्या सुद्धा शर्टात वारा भरत होता.

"भाऊ, आता माझ्याकडं काय न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रुमालाचे पदर वाढवून ते लग्नाला निघून गेले.

विमलबाई एकदा दुकानात आल्या. उन्हातून चालत आलेल्या, पदरानं तोंड पुसत त्या दारातच उभ्या राहिल्या. "तुमी सांगा ना त्यास्नी," म्हणाल्या. "तुमचं ऐकत्यात. रात्री बसून राहत्यात, आडवं झालं का खोकला. मला म्हनत्यात, झोप तू. कशी झोपू?" मी सांगितलं त्यांना, सांगून झालंय. मग टेबलावर पडलेला मखमलीचा तुकडा बघून म्हणाल्या, "हे त्या खुर्चीचं का?" खुर्चीचंच होतं. सिंहासनाचं कुशन शेठनी माझ्याकडूनच करून घेतलं होतं. मी हो म्हणालो. त्या गेल्या.

काष्टीकडून परत येताना ते घडलं. दुपारची वेळ, वरात सकाळचीच होती. वाऱ्याचा दिवस होता आणि रस्त्याच्या एका बाजूला मातीचे ढीग. भाऊंना उबळ आली आणि थांबली नाही. गाडी त्यांनी कडेला घेतली, एवढं त्यांच्या हातांना त्याही वेळी कळलं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना ते दाराला टेकून खाली बसलेले दिसले. रुमाल लाल झाला होता. त्यांनी उचलून दवाखान्यात नेलं.

छातीत जंतुसंसर्ग झाला होता. तो बरा होता होता व्हॉल्व्हची जागा पिकली. ती भरून यायची असेल तर व्हॉल्व्ह काढून ती बोलण्याची वाट बंद करावी लागेल, असं बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रज्ञानं विचारलं, पुन्हा बसवता येईल का? ते म्हणाले, आधी भरू तर द्या. ती भरली, पण तिथली कातडी इतकी पातळ झाली की पुन्हा बसवायचं नाव कुणी काढलं नाही.

गाडी आता दुसराच एक ड्रायव्हर चालवतो. चांगला आहे, जरा जोरात चालवतो. शेठनी विमलबाईंकडे किराणा पाठवला होता, तो भाऊंनी ठेवून घेतला.

मी खर्ड्याला गेलो तो उन्हाळ्याच्या शेवटी. भाऊ ओट्याच्या आतल्या बाजूला खाटेवर बसले होते. बारीक झाले होते. प्रज्ञानं त्यांना एक यंत्र आणून दिलं होतं, टॉर्चएवढं, गळ्याला लावलं की त्यातून बोलणं येतं. ते कोनाड्यात ठेवलेलं होतं. विमलबाई म्हणाल्या, "एकदाच लावलं. स्वतःचाच आवाज ऐकला आन् बंद केलं. म्हनले, ह्यो मी न्हाई."

"म्हनले?" मी विचारलं.

"ओठ हालवत्यात. मला कळतं."

मी दुकानातलं काय काय सांगत बसलो. ट्रॅक्टरच्या सीटांचं काम वाढलंय, रस्ता जामखेडपर्यंत झाला, पावसाचं काही खरं नाही. भाऊ ऐकत होते. मधेच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ हलवायला लागले. सवयीनं उजवा अंगठा गळ्याकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगत होते, माझ्या तोंडाकडे बघत. मला एकही कळला नाही. मी विमलबाईंकडे बघितलं.

"चहा घ्या म्हनत्यात," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली, नाही. पुन्हा ओठ हलवले. यावेळी बरंच मोठं होतं, मधे दोनदा थांबले, हातानं काहीतरी लांबचं दाखवलं. विमलबाई पुढं वाकल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"रस्त्याचं इचारताय का?" त्यांनी भाऊंनाच विचारलं. "का पावसाचं?"

भाऊ दोघांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मान डोलावली, हो, चहाचंच.

विमलबाई आत गेल्या. आतून स्टोव्हचा आवाज आला. मग चहा आला आणि आम्ही तो प्यालो.